कबड्डीतील डोक्याचा मार आणि आपले कर्तव्य

दिवाळी आटोपते, हलक्या धानाची कापणी होते आणि आपल्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. दंडार, नाटक, शंकरपट यांच्या जोडीला कबड्डीचे खुले सामनेही येतात. दिघोरी असो, लाखांदूर असो, साकोली किंवा पवनी असो, गावोगावी रिकाम्या बांधीत नाहीतर आखरावर चुन्याच्या रेषा आखल्या जातात. रात्री दिवे लागतात आणि लाउडस्पीकरवरून संघांची नावे पुकारली जातात. आपल्या वस्तीतील तरुणांचा संघ त्यात उतरला की म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून लेकरांपर्यंत सारे रेषेला येऊन बसतात.

हा खेळ आपल्या मातीतला आहे. बिनखर्चाचा आहे. बूट नसले तरी चालतात, बॅट-चेंडू लागत नाही. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने कबड्डीचे प्रात्यक्षिक जगाला दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत हा खेळ अधिकृतपणे आला आणि भारताने सुवर्णपदक मिळविले. २०१४ पासून प्रो कबड्डी दूरदर्शन संचावर घरोघरी पोहोचली. आज खेडयातील मुलगा कबड्डी खेळतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे केवळ ढाल आणि रोख बक्षीस नसते. शाळेत मिळणारे क्रीडा सवलतीचे गुण, शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे ५ टक्के आरक्षण, पोलीस भरती, असे सारे भविष्य त्याला त्या रेषांच्या आत दिसत असते. म्हणूनच त्याला मार लागला तरी तो सांगत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा न सांगितला जाणारा मार, विशेषतः डोक्याचा मार, हाच आहे.

एक अनुभव

काही वर्षे मी गावोगावच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहिलो आहे. एका सामन्यात एक कोपरारक्षक मुलगा चढाईपटूच्या घोट्यावर झेपावला आणि त्याच्या गुडघ्यावर मुलाचे कपाळ आदळले. मुलगा क्षणभर पडून राहिला. आम्ही त्याच्या तोंडावर पाणी मारले, कुणीतरी मान चोळली. 'काही होत नाही, ऊठ' असे सगळेच म्हणाले, त्यांत मीही होतो. तो उठला, टाळ्या पडल्या, खेळ पुढे सुरू झाला. नंतरच्या चढाईला तो गेला आणि परतताना मध्यरेषेकडे येण्याऐवजी प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेकडेच वळला. लोक हसले, आम्ही पंचही हसलो. सामना संपल्यावर त्याने भावाला विचारले, "आपला सामना कधी आहे?"

तेव्हा मात्र कोणी हसले नाही. पुढे महिनाभर त्या मुलाला पुस्तक उघडले की डोके दुखे. दिव्याचा उजेड सहन होत नसे. वार्षिक परीक्षा तोंडावर होती. सुदैवाने तो बरा झाला. परंतु त्या दिवशी त्याच्या डोक्याला दुसरा धक्का बसला असता तर काय झाले असते, हा विचार आजही अस्वस्थ करतो. आमच्यात दुष्टपणा कोणाचाच नव्हता, अज्ञान मात्र सर्वांचेच होते. ते अज्ञान दूर व्हावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मेंदूचा हादरा म्हणजे काय?

सुकलेला नारळ कानाशी हलविला की आतला गोटा कवटीवर आदळल्याचा आवाज येतो. आपला मेंदूही कवटीच्या आत पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डोके जोरात आदळले किंवा एकाएकी गरकन फिरले, तर कवटी थांबते, पण आतला मेंदू हेलकावतो आणि पिळवटतो. त्यातील अतिसूक्ष्म मज्जातंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेर जाणाऱ्या क्षारांचा तोल बिघडतो. तो सावरण्यासाठी मेंदूला जास्त शक्ती लागते आणि नेमकी त्याच वेळी ती कमी पडते. यालाच डॉक्टर 'कंकशन' म्हणतात. आपण त्याला मेंदूचा हादरा म्हणू.

याबाबत चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, हादरा बसण्यासाठी डोक्यालाच मार लागला पाहिजे असे नाही. छातीवर किंवा पाठीवर जोराची धडक बसून मान हिसडली गेली तरी हादरा बसतो. दुसरी, बेशुद्ध पडणे आवश्यक नाही. हादरा बसलेले बहुतेक खेळाडू बेशुद्ध पडतच नाहीत. 'शुद्धीवर होता ना, मग काही नाही' हा समज घातक आहे. तिसरी, बाहेरून जखम, टेंगूळ किंवा रक्त दिसेलच असे नाही. चौथी, केवळ हादरा असेल तर सी.टी. स्कॅनमध्ये काही दिसत नाही. स्कॅन केला जातो तो मेंदूत रक्तस्राव किंवा कवटीला तडा नाही ना, हे पाहण्यासाठी. 'स्कॅन चांगला आला' म्हणजे 'उद्यापासून खेळायला मोकळा' असा अर्थ होत नाही.

मैदानावर ओळखावे कसे?

डॉक्टर प्रत्येक मैदानावर असणार नाही. म्हणून पंच, मार्गदर्शक, कर्णधार आणि सोबती यांनी डोळे उघडे ठेवले पाहिजेत. आदळल्यानंतर खेळाडू हालचाल न करता पडून राहिला, उठताना झोकांड्या खाऊ लागला, डोके धरून बसला, शून्यात पाहू लागला, प्रश्नाला उशिरा किंवा भलतेच उत्तर देऊ लागला, भलत्या दिशेला गेला, विनाकारण रडू लागला किंवा चिडला, तर हादरा बसला असे समजावे. खेळाडू स्वतः सांगत असेल की डोके दुखते, गरगरते, मळमळते, धूसर दिसते, उजेड किंवा आवाज नको वाटतो, डोक्यात धुके भरल्यासारखे वाटते, तर यांपैकी एक तक्रारही पुरेशी आहे.

त्याला पाच साधे प्रश्न विचारावेत. आपण कोणत्या गावी खेळत आहोत? हा पहिला डाव की दुसरा? शेवटचा गुण कोणी घेतला? याआधीचा सामना कोणाशी झाला? तो आपण जिंकलो की हरलो? एकही उत्तर चुकले तर प्रश्न मिटला, त्याला बाहेर बसवावे. मात्र पाचही उत्तरे बरोबर आली म्हणून हादरा नाही असे ठरत नाही. काही लक्षणे तासाभराने, तर काही दुसऱ्या दिवशी प्रकट होतात. म्हणून नियम एकच ठेवावा, शंका आली की खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी पुन्हा आत नाही. पाच मिनिटांनी नाही, दुसऱ्या डावात नाही, अंतिम सामना असला तरी नाही.

यात संघाचे नुकसान होते असे कोणी म्हणेल. परंतु कबड्डीच्या नियमांत सात खेळाडूंच्या मागे राखीव खेळाडू असतात ते कशासाठी? खेळाडू जखमी झाला तर पंचांना खेळ थांबविण्याचा अधिकार आहे आणि बदली खेळाडू उतरविण्याची मुभाही आहे. नियम आपल्या बाजूचे आहेत, ते वापरण्याची मनाची तयारी तेवढी हवी.

क्रिकेटमध्ये ही तयारी आता दिसू लागली आहे. १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने हादरा बसलेल्या खेळाडूऐवजी पूर्ण बदली खेळाडू देण्याची सोय केली. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मुंबईचे शिवम दुबे यांच्या हेल्मेटवर चेंडू आदळला. पुढे त्यांच्या जागी हर्षित राणा खेळले. बदली खेळाडू फलंदाजाऐवजी गोलंदाज कसा, यावर खूप वाद झाला. वाद बदली खेळाडूच्या निवडीचा होता. डोक्याला मार लागलेल्या माणसाला बाहेर काढावे की नाही, हा प्रश्न तेथे राहिलेला नव्हता. आपल्या आखरावर मात्र तोच प्रश्न अजून सुटायचा आहे.

'मी ठीक आहे' यावर विसंबू नये

२० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथे एका क्लब सामन्यात भारताचे माजी कसोटीपटू रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभे होते. डोक्यावर हेल्मेट नव्हते. फटकावलेला चेंडू त्यांच्या डोक्यावर आदळला. ते स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर गेले. थोड्याच वेळात त्यांची प्रकृती ढासळली. शस्त्रक्रिया झाली, पण २३ फेब्रुवारी रोजी त्यांचे निधन झाले. कवटीच्या आत रक्तस्राव होत असतानाही माणूस काही काळ बोलतो, चालतो, ठीक आहे असे म्हणतो. हा फसवा काळ फार धोक्याचा असतो.

म्हणून पुढीलपैकी कोणतेही एक लक्षण दिसले तर क्षणाचाही विलंब लावू नये. डोकेदुखी वाढत जाणे, पुन्हा पुन्हा उलटी होणे, झटका येणे, झोप अनावर होणे किंवा हाक मारून जाग न येणे, बोलणे अडखळणे, हात किंवा पाय लुळा पडणे अथवा त्यात मुंग्या येणे, एकाचे दोन दिसणे, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या लहान-मोठ्या दिसणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा द्रव येणे, मानेत तीव्र वेदना होणे, बडबड किंवा आक्रस्ताळेपणा वाढत जाणे. खेळाडू क्षणभर जरी बेशुद्ध झाला असेल तरी त्याला याच यादीत धरावे.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. तो क्रमांक फिरवावा. आपल्याकडे लाखांदूरचे ग्रामीण रुग्णालय, साकोलीचे उपजिल्हा रुग्णालय, भंडाऱ्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय अशी वाट आहे. परंतु मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नागपूरच गाठावे लागते, आणि ते सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. शहरातील माणसाला एक तास वाया घालविणे परवडेल, आपल्याला परवडणार नाही. ज्याचे रुग्णालय दूर त्याने लवकर निघावे.

पहिल्या दिवशी काय करावे, काय करू नये

खेळाडू बेशुद्ध असेल किंवा मान दुखते म्हणत असेल, तर त्याला ओढून, उचलून, बसवून पाहू नये. मानेचा मणका दुखावला असेल तर अशा ओढाताणीने जन्माचे अपंगत्व येऊ शकते. डोके आणि मान आहे त्या स्थितीत दोन्ही हातांनी स्थिर धरून मदत येण्याची वाट पाहावी. श्वास चालू आहे ना, तोंडात काही अडकले नाही ना, एवढे पाहावे. गर्दी दूर सारावी.

आपल्याकडे तोंडावर पाणी मारणे, कांदा किंवा चप्पल हुंगविणे, मान मोडणे, डोके चोळणे असे उपाय लगेच सुरू होतात. यांपैकी कशानेही हादरा बरा होत नाही. मान मोडण्याने तर घात होऊ शकतो. अर्धवट शुद्धीतील माणसाच्या तोंडात पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाते. दारू 'थकवा जाण्यासाठी' पाजण्याचा मूर्खपणा कदापि करू नये. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत, कारण आत रक्तस्राव असल्यास तो वाढण्याची भीती असते.

शुद्धीवर असलेल्या खेळाडूलाही पहिले २४ तास एकटे सोडू नये. त्याला मोटारसायकल चालवू देऊ नये, दुसऱ्याने मागे बसवून नव्हे तर शक्यतो चारचाकीने घरी न्यावे. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरला दाखवावे. 'डोक्याला मार लागलेल्याला झोपू देऊ नये' असा समज सर्वत्र आहे. वर सांगितलेली धोक्याची लक्षणे नसतील तर झोप घेण्यास हरकत नाही, उलट झोप मेंदूला हवीच असते. घरच्यांनी रात्री एक-दोनदा हाक मारून तो ओळखीने उत्तर देतो ना, एवढे पाहावे. पहिले दोन दिवस मोबाईल आणि दूरदर्शन शक्य तितके दूर ठेवावेत.

दुसरा मार

पहिल्या हादऱ्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा धक्का बसला तर काय होते, याचे उदाहरण २०११ साली उत्तर आयर्लंडमध्ये घडले. कॅरिकफर्गस येथे शालेय रग्बी सामन्यात १४ वर्षांच्या एका मुलाच्या डोक्याला मार लागला. तो खेळत राहिला, पुन्हा आदळला आणि त्याचा मृत्यू झाला. २०१३ साली चौकशीत मृत्यूचे कारण दुसऱ्या आघाताचे असल्याचा निर्वाळा देण्यात आला. अशा वेळी मेंदूला एकाएकी सूज येते आणि डॉक्टरांच्या हाती फार थोडा वेळ राहतो. हा प्रकार विरळा आहे, हे खरे. परंतु तो मुख्यतः कोवळ्या वयाच्या खेळाडूंत आढळतो, आणि त्याला टाळण्याचा उपाय अगदी साधा आहे. पहिला मार लागताच मुलाला बाहेर बसवायचे.

मुष्टियुद्धात वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्यांची बुद्धी व चाल बिघडते, हे अमेरिकेतील डॉक्टर मार्टलँड यांनी १९२८ सालीच लिहून ठेवले होते. पुढे अमेरिकन फुटबॉलपटूंच्या मेंदूतही तशाच प्रकारची झीज आढळली. म्हणजे वारंवार बसणारे मार आज जाणवले नाहीत तरी विसरता येत नाहीत.

जीवकाचे एकवीस दिवस

विनयपिटकातील महावग्गात बुद्धकालीन थोर वैद्य जीवक यांची एक कथा आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीला सात वर्षांपासून डोक्याचा असाध्य विकार होता. इतर वैद्यांनी हात टेकले होते. राजा बिंबिसाराच्या आज्ञेने जीवक त्याच्याकडे गेला. त्याने आधी विचारले, तू एका कुशीवर सात महिने, दुसऱ्या कुशीवर सात महिने आणि पाठीवर सात महिने पडून राहशील काय? श्रेष्ठी हो म्हणाला. जीवकाने त्याला मंचाला बांधून कवटी उघडली, विकार काढला आणि जखम शिवली. सात दिवस झाले आणि श्रेष्ठी म्हणू लागला की एका कुशीवर आता राहवत नाही. दुसऱ्या कुशीवर सात दिवस, पाठीवर सात दिवस, प्रत्येक वेळी हीच तक्रार. एकवीस दिवस पूर्ण होताच जीवक म्हणाला, तू बरा झालास. तीन आठवड्यांत बरा होशील हे मला ठाऊक होते, पण सात महिने सांगितले नसते तर तू एवढेही पडून राहिला नसतास!

जीवकाला कवटीची रचना माहीत होती, तशीच माणसाच्या मनाची घडणही माहीत होती. डोक्याच्या आजारात औषधापेक्षा धीर धरणे कठीण, हे त्याने ओळखले होते. आजच्या खेळाडूचीही अडचण हीच आहे. पाय मोडला तर प्लास्टर दिसते, म्हणून कोणी 'खेळ' म्हणत नाही. मेंदूला प्लास्टर बांधता येत नाही. दोन दिवसांनी मुलगा चांगला दिसू लागतो आणि पुढच्या गावच्या सामन्याची पत्रिका येते.

गंमत अशी की ब्रिटनमध्ये २०२३ साली तळागाळातील खेळांसाठी जे मार्गदर्शन प्रसिद्ध झाले त्यातही स्पर्धेत परतण्यासाठी किमान एकवीस दिवसांची मर्यादा घातली आहे. हा केवळ योगायोग आहे. जीवकाने शस्त्रक्रिया केली होती, येथे शस्त्रक्रिया नाही, आणि आजचे वैद्यक तीन आठवडे अंथरुणाला खिळून राहण्यासही सांगत नाही. परंतु आपल्या लोकांच्या लक्षात राहण्यासाठी 'जीवकाचे एकवीस दिवस' यापेक्षा चांगले नाव मला सुचत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तज्ज्ञांनी परतीच्या पायऱ्या निश्चित केल्या आहेत. त्या आपल्या खेळाला लावून पाहू.

पहिले एक-दोन दिवस आराम. म्हणजे अंधाऱ्या खोलीत कोंडून घेणे नव्हे. घरातल्या घरात वावरावे, थोडे चालावे. त्यानंतर पहिली पायरी, नेहमीची हलकी कामे. दुसरी पायरी, चालण्याचा वेग वाढविणे, मग सावकाश धावणे. तिसरी पायरी, एकट्याने सराव, वळणे, पदलालित्य, पण कोणाशी स्पर्श नाही. चौथी पायरी, संघासोबत सराव, तरीही पकड नाही, धडक नाही. पाचवी पायरी, डॉक्टरने परवानगी दिल्यावर पकडीचा पूर्ण सराव. सहावी पायरी, सामना. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस थांबावे. त्रास लक्षणीय वाढला तर एक पायरी खाली यावे. ब्रिटनच्या त्या मार्गदर्शनाप्रमाणे सलग चौदा दिवस बसल्या जागी कोणताही त्रास नसेल तरच पकडीचा सराव सुरू करावा आणि एकवीस दिवसांच्या आत सामना खेळू नये. बहुतेक जण दोन ते चार आठवड्यांत बरे होतात. महिना उलटूनही डोकेदुखी, चक्कर, निद्रानाश, उदासी राहिली तर पुन्हा डॉक्टरकडे जावे.

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

विद्यार्थी मित्रांनो, शाळा आधी आणि सामना नंतर, हा येथे उपदेश नसून उपचाराचा क्रम आहे. हादऱ्यानंतर वाचनात लक्ष न लागणे, पाठ केलेले न आठवणे, फळ्याकडे पाहून डोके दुखणे हे आळसाचे लक्षण नव्हे. सुरुवातीला अर्धा-पाऊण तास अभ्यास, मग विश्रांती, असे करीत वाढवावे. शिक्षकांना विनंती की अशा मुलास काही दिवस घरचा अभ्यास कमी द्यावा, चाचणी पुढे ढकलावी आणि त्याला 'नाटक करतो' असे म्हणू नये.

आपल्याकडील सामन्यांचा हंगाम दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत चालतो आणि दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, हे विसरू नका. जानेवारीत लपविलेला मार परीक्षेच्या खोलीत प्रकट होतो. क्रीडा सवलतीच्या थोड्या गुणांसाठी साऱ्या उत्तरपत्रिकेवर पाणी सोडावे काय? आणि ज्याच्या डोक्याला लागले आहे त्याला ते कळेलच असे नाही. तेव्हा सोबत्याला मार लागलेला दिसला तर मार्गदर्शकाला सांगा. ही चहाडी नाही, मैत्री आहे. मुलींच्या संघांनीही विशेष काळजी घ्यावी. मुलींमध्ये हादऱ्याचे प्रमाण व त्रास अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

प्रतिबंधाचे उपाय

मैदान : धानाच्या बांधीतील माती वाळली की दगडासारखी होते आणि त्यात धसकटे असतात. अशा जागेवर नुसता चुना मारून सामने घेऊ नयेत. जागा खोदून, ढेकळे फोडून, चाळलेली माती, शेणखत व लाकडाचा भुसा मिसळून ती भुसभुशीत करावी. कबड्डीच्या नियमांतही मऊ व सपाट मैदानच सांगितले आहे. पाणी शिंपडून धूळ बसवावी, पण चिखल होऊ देऊ नये. जमत असेल तेथे मॅट भाड्याने आणावी, मात्र तिच्या खालची जमीन सपाट हवी आणि जोडांत फट नको. रेषेच्या बाहेर चारी बाजूंनी मोकळी जागा सोडावी. दोरीचे खुंट, लाकडी बाक, दिव्याचे खांब आणि गुणलेखकाचे टेबल दूर असावे. खांब हलविता येत नसेल तर त्याला तणीस भरलेली पोती बांधावीत. प्रेक्षक रेषेला खेटून बसतात आणि बाहेर फेकला गेलेला खेळाडू त्यांच्यावर पडतो, तेही टाळावे.

तंत्र : कबड्डीत डोक्याला मार बहुधा तीन प्रकारे लागतो. घोट्यावर झेप घेताना गुडघा कपाळावर बसतो. दोन पकडणारे दोन बाजूंनी एकदम येतात आणि त्यांची डोकी एकमेकांवर आदळतात. चढाईपटू उचलून आपटला जातो किंवा धडकेने मागे पडतो. मार्गदर्शकांनी पहिल्या दिवसापासून शिकवावे की पकडीला जाताना डोके चढाईपटूच्या पायांसमोर नेऊ नये, बाजूला ठेवावे. नजर वर ठेवावी, खांदा पुढे करावा. साखळीतील जोडीदारांनी कोण आधी जाणार हे खुणेने ठरवावे. पडताना हनुवटी छातीला लावून गोल पडण्याचा सराव कुस्तीच्या आखाड्यात करतात तसा रोज करावा. मानेचे व्यायाम करावेत. उचलून आपटणे हा पराक्रम नव्हे, तो धोकादायक खेळ आहे. पंचांनी त्याला वेळीच शिक्षा करावी.

वय व वजन : आठवीतला मुलगा आणि पंचवीस वर्षांचा गडी एका मैदानात समोरासमोर आणू नयेत. खुल्या सामन्यांत संख्या भरण्यासाठी लहान मुलांना उतरविण्याची पद्धत बंद व्हावी. दमलेल्या खेळाडूची पकड चुकते, म्हणून एका रात्रीत एका संघाला सामन्यांमागून सामने खेळविणेही योग्य नाही.

हेल्मेट : हेल्मेटमुळे कवटी फुटण्यापासून बचाव होतो, म्हणून क्रिकेटमध्ये आणि मोटारसायकलवर ते घातलेच पाहिजे. पण आतला मेंदू हेलकावणे हेल्मेटने पूर्णतः थांबत नाही. कबड्डीत तर ते नसतेच. येथे खरे रक्षण शिस्तीचेच आहे.

आपल्या मंडळांनी काय करावे?

सामने भरविणाऱ्या प्रत्येक मंडळाने पाच गोष्टी ठरवाव्यात, असे सुचवावेसे वाटते. सामन्यापूर्वी लाउडस्पीकरवरून जाहीर करावे की डोक्याला मार लागलेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा खेळणार नाही. हा निर्णय घेण्यासाठी कोणत्याही संघाशी संबंध नसलेल्या एका व्यक्तीची, शक्य तर गावातील आरोग्य सेविका किंवा परिचारिकेची, नेमणूक करावी आणि तिचा शब्द अंतिम मानावा. एक चारचाकी वाहन चालकासह तयार ठेवावे. मार लागलेल्या खेळाडूचे नाव, तारीख व वेळ एका वहीत नोंदवावी आणि त्याच्या घरी स्वतः जाऊन सांगावे. पुढच्या गावच्या मंडळालाही ती नोंद कळवावी, म्हणजे मुलगा एका गावी बाहेर बसून दुसऱ्या गावी आत शिरणार नाही. याला फारसा पैसा लागत नाही. ढालीचा आकार थोडा लहान केला तरी भागेल.

१९६२ साली बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चेंडू लागून कवटीला इजा झाली, तेव्हा त्यांना रक्त देणाऱ्यांत आपले चंदू बोर्डे व बापू नाडकर्णी होते, तसेच प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल हेही होते. प्रतिस्पर्धी हा शत्रू नसतो, हे यावरून शिकावे. समोरच्या संघाचा मुलगा डोके धरून बसला तर त्याच्यावर चढाई साधून घेण्याऐवजी आपल्या कर्णधाराने हात वर करून पंचांना थांबवावे. त्याबद्दल एखादे बक्षीस ठेवले तर अधिकच चांगले.

समारोप

समाजबांधवांनो, आजारी पडलेल्या आणि सर्वांनी टाकून दिलेल्या भिक्षूला भगवान बुद्धांनी आनंदासह स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून अंथरुणावर ठेवले आणि रुग्णाची सेवा हे भिक्षुसंघाचे कर्तव्य म्हणून सांगितले, हे आपण जाणतो. त्या भिक्षूचा आजार दिसत होता, तरी त्याच्याकडे कोणी पाहिले नाही. मेंदूचा हादरा तर दिसतही नाही. म्हणून येथे अधिक जागरूकता हवी. धम्मात जिला अप्रमाद म्हणतात ती हीच.

आपल्या घरातील मुले शिकत आहेत ती आई-बापांनी दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी करून शिकवलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या समाजाला जे दिले ते बुद्धीच्या बळावर. आपल्याजवळ शेती थोडी, पैसा थोडा, ओळखीपाळखी त्याहून थोड्या. भांडवल म्हणावे ते एकच, मुलांचे डोके. ते मुलांनी खुशाल मैदानात न्यावे, कारण भीतीपोटी खेळ सोडणे हा काही उपाय नव्हे. कबड्डीने धैर्य, चपळाई आणि संघभावना येते, ती आपल्याला हवीच आहे. मात्र मैदानातून ते डोके शाबूत परत आणण्याची जबाबदारी एकट्या मुलावर सोडता येणार नाही. ती पंचाची आहे, मार्गदर्शकाची आहे, मंडळाची आहे, रेषेला बसून 'ऊठ, ऊठ' म्हणून ओरडणाऱ्या आपल्या सर्वांची आहे.

येत्या हंगामात कोणी मुलगा डोके धरून खाली बसला, तर 'काही होत नाही' हे शब्द आपल्या तोंडून निघू नयेत. 'बाळा, बाहेर ये, बस, एकवीस दिवसांनी पुन्हा खेळू' एवढेच निघावेत.

जयभीम.